पहिल्या नंबरच्या चपला

"बाई, दोनच मिनिटांचं काम हाय."

हे वाक्य जगात ज्याने पहिल्यांदा उच्चारलं, तो माणूस मला एकदा भेटायला हवा होता. त्याला मी आमच्या बाकावर दिवसभर बसवून ठेवला असता. कारंज्यातल्या एका दवाखान्यात मी आयुष्यभर नंबर द्यायचं काम केलं. नोकरीला लागले तेव्हा केसांत गजरा माळत होते, सुटले तेव्हा गजरा अडकवण्यापुरतेही केस राहिले नव्हते. एवढ्या काळात दोन मिनिटांचं काम घेऊन आत गेलेला एकही माणूस पाव तासाच्या आत बाहेर आलेला मी पाहिला नाही. आत गेल्यावर त्याला आधी स्वतःची खाज आठवायची, मग बायकोची कंबर, मग शेजाऱ्याचे रिपोर्ट खिशातून निघायचे.

लोकांना वाटतं, नंबर देणं म्हणजे काय मोठं? बिल्ला उचलायचा आणि हातात ठेवायचा. एकदा बसून पाहा म्हणावं. डॉक्टरांकडे आजार घेऊन येतात ते आतल्या खोलीत. माझ्याकडे सगळे घाई घेऊन यायचे. कोणाची शेलूबाजारची जीप भरत आलेली असायची, कोणाची एसटी सुटत असायची, कोणी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून आलेली. आजारी माणूस एक वेळ थांबतो. त्याच्याबरोबर आलेला मेहुणा अजिबात थांबत नाही.

आमचे डॉक्टर जुन्या चालीचे. ताप, खोकला, बीपी, साखर, सासूचे गुडघे आणि सुनेची डोकेदुखी, सगळं ते एकाच खुर्चीत बसून बघायचे. एका घरातल्या तीन तीन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. नाव विचारायची गरज नसायची, चेहरा पाहून कोणाचा नातू ते ओळखायचे. त्यांना एकच गोष्ट कधी जमली नाही. नाही म्हणणं. त्यात गावात हाडांचे, डोळ्यांचे, दातांचे डॉक्टर वाढत गेले, पण नुसत्या माणसाला बघणारे डॉक्टर एकेक करून कमी झाले. कोणी म्हातारे झाले, कोणी मुलांकडे गेले, आणि त्यांच्या जागी नवीन कोणी बसलं नाही. ते सगळे पेशंट आमच्या ओट्यावर येऊन बसले. समृद्धी महामार्ग झाला आणि कारंज्याहून नागपूर जवळ आलं. आमच्या ओट्यापासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंतचं अंतर मात्र होतं तेवढंच राहिलं.

ओट्याची एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खेड्यावरचे लोक पहिल्या गाडीने यायचे तेव्हा दवाखान्याचं शटर बंद असायचं. मग ते ओट्यावर ओळीने चपला काढून ठेवायचे आणि अनवाणी चहाला जायचे. जिथे तुमची चप्पल, तिथे तुमचा नंबर. हा कायदा मी केला नाही, डॉक्टरांनीही नाही. मी आले तेव्हा तो होताच. मी फक्त एक कलम जोडलं. शटर उघडलं की मालकाने आपल्या चपलेत पाय घालून उभं राहायचं, मगच बिल्ला मिळेल. मालक नसेल तर चप्पल ओट्याखाली. कारण काही हुशार लोक गल्लीभरच्या चपला आणून मांडायचे आणि घरी जाऊन झोपायचे.

एकदा मानोऱ्याकडचा एक माणूस पहिल्या जागेवर चपलेत पाय घालून उभा. शेजारी पायरीवर त्याची आई शालीत गुंडाळून बसलेली. मी म्हटलं, "ताप कोणाले हाय?"

"मायले."

"मंग चप्पल तुमची काहून? मायची ठेवाची ना. का तुमाले तपासू?"

तो शांतपणे म्हणाला, "तिच्या पायात चप्पलच नसते, बाई. तिची कुठून आणू?"

मागचे लोक हसायचे थांबले. मी बिल्ला दिला. त्या दिवसापासून बिनचपलेच्या माणसाने पिशवी ठेवली तरी चालेल, असं दुसरं कलम आलं.

संध्याकाळची तऱ्हा निराळी. आमच्या पेठेत जैन मंडळी पुष्कळ, आणि त्यांना दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं. एक कापडवाले शेठ होते, त्यांना बीपी. दुपारभर दुकानात बसणार आणि सूर्य कलला की आमच्या दारात उभे राहणार.

"मंदाबाई, मले आंदी मोकळं करा. दिवस बुडला तं मी उपाशी झोपीन, अन् त्याचं पाप तुमाले लागन."

"शेठ, दुपारी या ना. दुपारी सूर्य कुठी जाते?"

"दुपारी गिऱ्हाईक असते."

म्हणजे गिऱ्हाईक सोडायचं नाही, जेवण सोडायचं नाही, सोडायची ती रांग. त्यांना आधी सोडलं तर मानोऱ्याची शेवटची गाडी पकडायची असलेल्या बाया माझ्यावर धावून यायच्या. नाही सोडलं तर शेठ बाकावर बसून खिडकीतून आभाळाकडे असे बघायचे की त्यांचं बीपी माझ्यामुळेच चढतंय असं मला वाटायचं. डॉक्टर आतून विचारायचे, "मंदाताई, बाहेर काय गोंधळ आहे?" मी म्हणायची, "काही नाही, सूर्य मावळून राह्यला."

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर डॉक्टरांचं घर होतं. तिथे वहिनी, डॉक्टरांची बायको. मंगरूळपीरकडच्या एका शिक्षकाची मुलगी, बोलणं आमच्यासारखंच. लग्न होऊन आल्या तेव्हापासून दुपारी माझा चहा त्यांच्या हातचा. त्या स्वतः जिन्याने खाली यायच्या, कप माझ्या टेबलावर ठेवायच्या, बाकावरच्या बायांशी चार शब्द बोलायच्या आणि वर जायच्या. मुलगी लग्न होऊन बंगलोरला गेली, मग तर त्यांना ओट्यावरच्या बाया हीच सोबत होती.

करोना आला आणि ओट्यावर गर्दी करायला बंदी झाली. चपला गेल्या, फोन आला. सकाळी फोन चालू केला की एकदम शंभर माणसं घुसायची आणि लागायचा एकाचाच. करोना गेला, पण फोन गेला नाही. वर मोबाईलवरून नंबर लावायची नवीन सोय झाली. ती डॉक्टरांना त्यांच्या जावयाने करून दिली. सोय कोणाची झाली ते मला अजून कळलेलं नाही. सकाळी उठून बघावं तर सगळे नंबर संपलेले, आणि लावलेले कुठून? पुण्याहून. मुलगा पुण्यात बसून बापाचा नंबर लावायचा आणि बापाला सांगायचं विसरायचा. मी नाव पुकारायची, बाप तिकडे शेलूबाजारच्या पुढे सोयाबीनमध्ये उभा. फोन केला की म्हणायचा, "माहा नंबर? मी तं बरा हाय." आणि इकडे ज्याला खरंच ताप भरलाय तो मोबाईल नसल्यामुळे ओट्यावर बसलेला. अशा लोकांनी चपला पुन्हा मांडायला सुरुवात केली. मग रोजची भांडणं. एका हातात मोबाईल घेतलेला माणूस आणि एका पायात चप्पल घातलेला माणूस समोरासमोर, मध्ये मी.

शेवटी डॉक्टरांनी तोड काढली. आळीपाळीने एक नंबर मोबाईलचा, एक चपलेचा. सगळेच सारखे नाराज झाले, म्हणजे तोड बरोबर असावी.

याच दिवसांत माझा चहा उशिरा यायला लागला. आधी मला वाटलं, दूध उशिरा येत असेल. मग एकदा पाहिलं, वहिनी जिन्याच्या मधल्या पायरीवर कठड्याला धरून उभ्या. कप दुसऱ्या हातात, चहा बशीत सांडलेला.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाई. दम लागते जरासा. पायऱ्या उंच झाल्या का काय कोण जाणे."

"त्याइले सांगतलं?"

"सांगतलं. म्हणे, गॅस असन, संध्याकाळी पाहतो."

ती संध्याकाळ काही आली नाही. डॉक्टर दुपारी वर जायचे ते जेवतानाच पेंगायचे, रात्री जायचे ते नुसते पडायला. मी एकदा दोन पेशंटच्या मध्ये हळूच म्हटलं, "साहेब, वहिनींना जरा तपासा." ते लिहिता लिहिता म्हणाले, "हो हो. तिला घरीच बघतो." मी अजून एकदा म्हटलं. "घरीच बघतो." बाहेरच्यांसाठी दवाखाना होता, घरच्यांसाठी हे दोन शब्द. पुढे मी चिडून वहिनींना म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. त्या हसल्या. "बरं बोलतेस, मंदा. ह्यांची बायको दुसऱ्याच्या दवाखान्यात दिसली तं अर्धं गाव उद्या तिथंच जाईन. अन् उरलेलं अर्धं इचारन का घरात काय झालं." त्यांचं खरं होतं. सगळ्या तालुक्याला डॉक्टर बदलायची मुभा होती, त्यांना नव्हती.

मग ती सकाळ. मी शटर उघडायला गेले. ओट्यावर नेहमीसारखी ओळ होती, आणि पहिल्या जागेवर निळ्या पट्ट्याच्या बायकी चपला. लोक येऊन आपापल्या चपलांत उभे राहिले. निळ्या चपला रिकाम्या.

"ह्या कोणाच्या?"

धनजकडची एक बाई म्हणाली, "आमी पहिल्या गाडीनं आलो, तवाच होत्या त्या इथं."

"मालक नाई तं सरका त्याइले," मागून कोणीतरी म्हणालं. "चहाले गेली असन तं येईन अन् मागं लागन."

कायदा माझाच होता. मी वाकणार, एवढ्यात जिन्यावरून वहिनी आल्या. अनवाणी, एकेका पायरीवर थांबत. ओट्यावर आल्या, निळ्या चपलांत पाय घातले आणि हात पुढे केला.

"दे बिल्ला."

धनजची बाई म्हणाली, "अवो, तुमाले कायले नंबर लागते? तुमचं तं घरच दवाखान्यात हाय."

"म्हणूनच लागते, बाई," वहिनी म्हणाल्या आणि बिल्ला घेऊन तिच्याच शेजारी बाकावर बसल्या.

डॉक्टर आले, खुर्चीत बसले, घंटी वाजवली. मी वहिनींना आत सोडलं. दार लोटलेलं होतं, आवाज बाहेर येत होता.

"अगं, तू? काय झालं? वर सांगायचं ना."

"केसपेपर काढा."

"काय हे?"

"माझा पहिला नंबर हाय. तपासा."

मग तपासायच्या पलंगाचा आवाज आला. घंटी वाजली तेव्हा मी आत गेले. डॉक्टरांच्या कानात अजून स्टेथोस्कोप होता आणि चेहरा उतरलेला. ते म्हणाले, "मंदाताई, बाहेरच्यांना सांगा, आज दवाखाना नाही." मी सांगितलं. इतकी वर्षं लोक माझ्याशी भांडले, त्या दिवशी कोणी ब्र काढला नाही. एकेकजण चप्पल पायात घालून, बिल्ला माझ्या टेबलावर ठेवून गेला.

हृदयाची झडप बिघडली होती. समृद्धीवरून तडक नागपूरला नेलं, तिथे मोठं ऑपरेशन झालं. परत आल्यावर वहिनींनीच मला सांगितलं. तिथला तरुण डॉक्टर जुने कागद मागत होता, कागद एकही नव्हता. तो वैतागून म्हणाला, "आजी, गावात तुम्हाला कोण बघतं? त्यांनी इतके दिवस पाठवलं का नाही?" आमचे डॉक्टर पलंगाच्या कडेला उभे होते. वहिनी म्हणाल्या, "चांगला डॉक्टर हाय हो. पण त्याचा नंबर लागत नाई."

डॉक्टरांनी नंतर नियम केला. दर गुरुवारचा पहिला नंबर वहिनींचा. त्यांची रक्त पातळ करायची गोळी होती, तिच्यावर सारखं लक्ष ठेवावं लागायचं. मी त्या नंबरचा बिल्ला वेगळा काढून ठेवला. शेठ आले, मेहुणे आले, एकदा तर एका पुढाऱ्याचा पीए आला, मी तो कोणाला दिला नाही. सुरुवातीला डॉक्टर गुरुवारी सगळ्यांच्या आधी वर जाऊन त्यांना बघायचे. माझ्या शेवटच्या दिवसांत मीच आठवण द्यायला लागले होते.

मग मी रिटायर झाले. निरोपाच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "मंदाताई, तुम्ही कधीही या, थेट आत या." मी म्हटलं, "साहेब, मधात घुसणारे मी आयुष्यभर अडवले. मी नंबरानेच येईन."

आलेच तशी. यंदा गुडघा सुजला. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण माझा नंबर लावला पुण्याच्या भाचीने. मोबाईलवर तीन दिवस झटापट केली तेव्हा चौथ्या दिवशीचा मिळाला, तोही जेवायच्या वेळचा. गेले. आता सगळंच मोबाईलवर, अर्धं अर्धं वाटून द्यायची पद्धत बंद. ओट्यावर कोणी चपला मांडत नाही. स्वच्छ, रिकामा ओटा. आणि पहिल्या जागेवर एकच जोड होता. निळ्या पट्ट्यांचा.

माझ्या खुर्चीत नवीन मुलगी, समोर कॉम्प्युटर. मी विचारलं, "बेटा, ह्या चपला?"

"वरच्या काकूंच्या. परवापासून ठेवून राह्यल्या."

"मंग?"

"मंग मी काय करू, मावशी? कॉम्प्युटरवर त्याइचं नाव नाई. सरले सांगतलं. ते म्हणाले, घरीच पाहतो."

सुजल्या गुडघ्याने मी जिना चढले. वहिनी पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. ओठांचा रंग मला आवडला नाही. "आडवं झालं का दम कोंडते," त्या म्हणाल्या. "बसूनच झोपते मी."

"त्याइले सांगतलं?"

"सांगतलं. म्हणे, गुरुवारी निवांत पाहू."

"वहिनी, आज शुक्रवार हाय."

"माहीत हाय मले," त्या म्हणाल्या. "काल लै गर्दी होती, मंदा. जाऊ दे. उद्या अजून आंदी ठेवीन."

मला इतका राग आला की गुडघा दुखायचा थांबला. राग डॉक्टरांचा आला, त्यांना एक क्षण उसंत न देणाऱ्या साऱ्या तालुक्याचा आला, पुण्याहून बापाचे नंबर लावणाऱ्या पोरांचा आला आणि उद्या अजून आधी चप्पल ठेवीन म्हणणाऱ्या या बाईचाही आला. मी खाली उतरले. ओट्यावरच्या चपला उचलल्या. बाकावर माणसं दाटीवाटीने बसली होती, त्यांच्या मधून सरळ डॉक्टरांच्या दाराकडे गेले.

"ओ मावशी, नंबर हाय ना आमचा," मागून एकजण ओरडला. "मधात कुठी चालल्या?"

"दोनच मिनिटांचं काम हाय," मी म्हटलं.

आत एकाचा बीपी चालू होता. त्याला मी उठवलं. पेशंटच्या स्टुलासमोर फरशीवर निळ्या चपला नीट जोडीने ठेवल्या, जशा ओट्यावर ठेवतात तशा. डॉक्टर चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागले.

"मंदाताई, हे काय?"

"पहिला नंबर. पेशंट वर हाय, तिले आता खाली उतरता येत नाई."

ते चपलांकडे बघत राहिले. कुठल्या आहेत हे सांगावं लागलं नाही. मग त्यांनी बॅग उचलली आणि उठले. या वयातही जिना ते दोन दोन पायऱ्यांनी चढले, ते मी खालून ऐकलं. थोड्या वेळाने वरून त्यांचा आवाज आला, गाडी काढायला सांगा, नागपूरला फोन लावा. नवीन मुलगी घाबरून फोनकडे धावली.

बाहेर गलका सुरू झाला होता. कोणाची जीप सुटत होती, कोणाचं पातेलं गॅसवर होतं, एकजण मोबाईल दाखवून वेळ झाली म्हणत होता. मुलीची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यात बसले, गुडघा लांब केला आणि जन्मभर जे सांगत आले तेच सांगितलं.

"बसून घ्या. डॉक्टर पेशंट पाहून राह्यले."